वातातपिक विहार : हिवाळ्यातील सायकल, पक्षिनिरीक्षण व सहल यांचा ऋतुचर्येच्या दृष्टीने विचार

हेमंत ऋतू लागला की वैद्यांच्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘यंदा थंडीत काय घ्यावे?’ च्यवनप्राश, अश्वगंधा, मुसळीपाक, डिंकाचे लाडू ही त्याची ठरलेली उत्तरे आहेत व ती अशास्त्रीय नाहीत. परंतु ‘थंडीत काय करावे?’ असे विचारणारा रुग्ण विरळा, आणि न विचारता ते सांगणारा वैद्यही विरळाच. आहार, विहार व औषध या त्रयीतील मधले अंग अशा रीतीने गळून पडते. गावरस्त्याने सायकल चालविणे, पाणवठ्यावर पक्षी पाहणे, सहकुटुंब सहलीस जाणे या हिवाळ्यात लोक आपण होऊन करीत असलेल्या आनंदाच्या गोष्टी आहेत. त्यांनाच ऋतुचर्येचे रूप कसे देता येईल आणि कोणत्या रुग्णास त्यांपासून जपावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. ऋतुबल, अग्नी आणि व्यायाम

मार्गशीर्ष-पौष हा हेमंत व माघ-फाल्गुन हा शिशिर. विसर्गकालाचा शेवट आणि आदानकालाचा आरंभ यांच्या सांध्यावर हे ऋतू येत असल्याने देहबल या काळात श्रेष्ठ असते. बाहेरील शीतामुळे आत कोंडलेला अग्नी प्रबळ होतो व गुरू आहारही पचवू शकतो. त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसावरच चालून जातो आणि वायूचा प्रकोप होतो, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात विशद केले आहे. स्निग्ध, गुरू, मधुर आहाराचे समर्थन आपण याच आधारावर करतो.

तथापि वाग्भटाचार्यांची हेमंतचर्या केवळ आहारावर थांबत नाही. अभ्यंग, मूर्धतैल, विमर्दन, जाणत्या मल्लाबरोबर कुस्ती, यथाविधी स्नान, युक्तीने घेतलेले ऊन हे सारे त्यांनी आहाराच्या जोडीने सांगितले आहे. दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाची मात्रा सांगताना बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा आणि अन्य ऋतूंत तो याहून कमी ठेवावा, असा त्यांचा निर्देश आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. गुरू-स्निग्ध आहार आणि व्यायाम ही एकाच आज्ञेची दोन अंगे आहेत. पहिले पाळून दुसरे सोडले, तर शिशिरात कफाचा संचय होतो आणि वसंताच्या सूर्यसंतापाने तो विलीन होऊन अग्नीला बाधा आणतो. चैत्रात आपल्याकडे येणाऱ्या प्रतिश्याय, कास, अग्निमांद्य आणि स्थौल्याच्या रुग्णांचा इतिहास नीट विचारल्यास, त्यांतील काहींच्या व्याधीची बीजे त्यांच्या हिवाळ्यातील पाक-लाडूंत व बैठकीत सापडतील.

२. ‘वातातपिक’ या संज्ञेचा बोध

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायात रसायनविधीचे दोन प्रकार सांगितले आहेत : कुटीप्रावेशिक व वातातपिक. कुटीत राहून नियमपूर्वक करावयाचा पहिला विधी आज क्वचितच घडतो. बाजारात मिळणाऱ्या बरणीतले रसायन हे व्यवहारतः वातातपिकच होय, म्हणजे वारा आणि ऊन यांत वावरत असताना घ्यावयाचे. आजचा आपला रुग्ण मात्र कुटीत नसतो आणि वाताततापातही नसतो. तो बंद खोलीत, खुर्चीवर, पडद्यासमोर असतो.

त्याच अध्यायातील केवलामलक रसायनाचा विधी या दृष्टीने मननीय आहे. वर्षभर गाईंच्या सान्निध्यात दुग्धाहारावर राहिलेल्या साधकाने पौष, माघ वा फाल्गुनातील पौर्णिमेच्या सुमारास उपवासानंतर आवळ्याच्या वनात जावे व स्वतः वृक्षावर चढून फळ घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. या विधीत रसायनाचे द्रव्य व ते मिळविण्याचा विहार यांची ताटातूट केलेली नाही. आज प्रत्येकाला आवळ्याच्या झाडावर चढविणे शक्य नाही. परंतु त्याला घराबाहेर काढणे आपल्या हाती आहे.

३. गावरस्त्याने सायकल

हिवाळ्यात शहराबाहेर पडून शेतांमधल्या रस्त्याने सायकल चालविण्याची आवड अलीकडे वाढलेली दिसते. दोन्ही बाजूंस ज्वारी, हरभरा, ऊस उभा असतो, ऊन बोचत नाही आणि घाम बेताने येतो. चिकित्सेच्या दृष्टीने सायकलीचा मोठा गुण असा की, देहाचा भार बव्हंशी बैठकीवर जातो. त्यामुळे स्थूल व्यक्तीस आणि आरंभीच्या जानुगत संधिवातात तो भरभर चालण्यापेक्षा पुष्कळदा सुसह्य ठरतो. मात्र बैठकीची उंची योग्य हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. बैठक फार खाली असेल तर गुडघ्यावर अकारण ताण येतो व दोष व्यायामाच्या माथी मारला जातो.

अर्धशक्ती ओळखावी कशी? सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे अर्धबलाचे लक्षण सांगितले आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम आणि मुखशोष ही लक्षणेही परंपरेने मानली जातात. रुग्णास सोप्या भाषेत असे सांगावे : ‘सायकल चालविताना सोबत्याशी बोलता येते तोवर ठीक; वाक्य तुटू लागले की वेग कमी करा.’ अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर इत्यादी विकार होतात, हे शास्त्रवचन उत्साही तरुणांनाही ऐकविले पाहिजे.

निघण्यापूर्वी तिळतेलाचा हलका अभ्यंग आणि कान-छाती झाकणारे वस्त्र असावे. परतल्यावर घाम जिरू देऊन मग कोमट पाण्याने स्नान करावे. घामाने भिजलेल्या अंगाने वाऱ्यात थांबू नये.

येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेतील हेमंतवर्णनात उत्तरेचा थंड वारा व धुक्याने झाकलेला सूर्य यांबरोबरच धूळ आणि धूर यांनी भरून गेलेल्या दिशांचाही उल्लेख आहे. आजच्या शहरांत तर हे चित्र अधिकच गडद झाले आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड राहते, वरच्या उष्ण थराखाली कोंडते, आणि वाहनांचा व शेकोट्यांचा धूर पहाटे खालीच साठून राहतो. चरकाचार्यांनी श्वासव्याधीच्या हेतूंत रज, धूम, वात, शीत स्थान व शीत जल यांच्या जोडीला व्यायामाचीही गणना केली आहे. पहाटेच्या सायकलफेरीत हे बहुतेक हेतू एकत्र येतात. म्हणून तमक श्वासाच्या रुग्णास पहाटेची फेरी वर्ज्य करावी. त्याने ऊन वर आल्यावर, रहदारीपासून दूर, नाका-तोंडावर वस्त्र घेऊन व चालू असलेले औषध जवळ ठेवूनच बाहेर पडावे.

हृद्रोगी व उच्च रक्तदाबाच्या रुग्णासही हाच नियम लागू आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, पहाटे रक्तदाब स्वभावतः चढता असतो, आणि हिवाळ्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढते. छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात वेदना, अकारण घाम अशी लक्षणे असल्यास व्यायामाचा सल्ला देत बसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीने उपाशीपोटी दूर जाऊ नये व साखर वा खडीसाखर खिशात ठेवावी.

४. पक्षिनिरीक्षण : इंद्रियांचा सम्यक् योग

हिवाळा हा महाराष्ट्रात पाहुण्या पक्ष्यांचा काळ आहे. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब, ‘ब्राह्मणी बदक’ म्हणून ओळखला जाणारा चक्रवाक, काठाशी शेपटी हलवीत फिरणारा धोबी आणि ज्वारीच्या शेतांवर झेपावणाऱ्या भोरड्या यांची ओळख एका मोसमात सहज होते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील सप्ताह २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ऋतुचर्येच्या प्रबोधनास याहून समयोचित निमित्त कोणते?

वैद्यांना हा छंद परका वाटू नये. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायातील पक्ष्यांचे वर्ग त्यांच्या भक्षणाच्या रीतीवरून पडले आहेत. पायांनी उकरून, विखरून खाणारे ते विष्किर; चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद; झडप घालून हिसकावणारे ते प्रसह. हंस, क्रौंच, चक्रवाक हे जलचर वर्गात येतात. असे वर्गीकरण पक्ष्यांकडे तासन्‌तास पाहिल्यावाचून सुचणारे नव्हे. तेथील मांसगुणांचा भाग मात्र वन्य पक्ष्यांस आज लागू करता येणार नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

या छंदाचे चिकित्सकीय मूल्य इंद्रियांच्या संदर्भात आहे. अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग, आणि अतिशय जवळून पाहणे हा मिथ्यायोग, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगतात. हातातील पडद्याने दोन्ही एकदम साधतात. पाणवठ्यावर दृष्टी दूरवर जाते, कान आवाज वेगळे करू लागतात व मन एका विषयावर स्थिरावते. मुलांनी दिवसाउजेडी घराबाहेर अधिक वेळ घालविल्यास लघुदृष्टिदोष सुरू होण्याचे प्रमाण घटते, असे आधुनिक संशोधनही सांगते.

परंतु या विहारात हालचाल थोडी व थंडीशी संपर्क फार असतो. त्यामुळे वातप्रधान वृद्धांनी डोके, कान व पाय झाकावेत, ओल्या गवतावर बसू नये आणि सुंठ घालून उकळलेले पाणी जवळ ठेवावे. पक्षी सूर्योदयानंतर तसेच सूर्यास्तापूर्वी अधिक सक्रिय असतात. कफप्रधान व श्वासरोगी व्यक्तींना दुसरी वेळ, साधारण चार ते सहा, सुचवावी.

५. सहकुटुंब सहल

नाताळाच्या सुट्टीत कुटुंबे कोकणात, महाबळेश्वरास किंवा शेतावर हुरड्यासाठी जातात. सहलीत होणारे अपचार बहुधा ठरावीक असतात. पहिला अपचार वेगधारणाचा. प्रवासात स्वच्छ सोय नाही म्हणून मूत्रवेग रोखणे, आणि तो येऊ नये म्हणून पाणीच न पिणे, हे विशेषतः स्त्रियांत आढळते. मूत्रकृच्छ्राचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीस प्रवासापूर्वीच याविषयी बजावावे. दुसरा अपचार विरुद्ध आहाराचा. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी दुधाच्या सायीबरोबर आवडीने खाल्ली जाते; अम्ल फळ व दूध यांचा हा संयोग आपल्या शास्त्रास संमत नाही. स्ट्रॉबेरी नुसती खावी, जेवणापासून वेगळी खावी. तिसरा देशबदलाचा. सोलापूरसारख्या जांगल प्रदेशातील माणूस आनूप कोकणात जातो तेव्हा भूक, मलप्रवृत्ती व सांधे यांत फरक पडतो. पहिल्या दिवशी आहार हलकाच असावा.

हुरडा हे नवे धान्य असून गुरू आहे. हेमंतात नवे धान्य संमत असले तरी ते प्रबळ अग्नीसाठी, आणि शेतात पायी हिंडणाऱ्यासाठी. गाडीतून उतरून सतरंजीवर बसणे, भरपूर हुरडा, वर गूळ, दही व ऊस, आणि पुन्हा गाडीत बसणे या क्रमाने अजीर्णच पदरी पडते. आधी शिवारात तासभर चालणे, मग बेताचा हुरडा व वर आले-जिऱ्याचे ताक एवढा बदल सुचविल्यास आनंद उणावत नाही.

६. योजना लिहिताना

विहार तोंडी सांगितला की विसरला जातो. औषधाप्रमाणे मात्रा, काल व अवधी यांसह तो लिहून द्यावा. उदाहरणार्थ, पंचेचाळीस वर्षांचा, बैठ्या व्यवसायाचा, कफप्रधान, अन्य व्याधी नसलेला पुरुष घेऊ. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड वीस मिनिटे सायकल. पुढे आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल एवढ्याने पूर्ण होते. रविवारी कुटुंबासह पाणवठा किंवा शिवार. रसायन अग्नी पाहून. ज्या सकाळी भूक नाही त्या सकाळी रसायन नाही. फाल्गुन सरताना पाक व लाडू पादांशिक क्रमाने कमी करावेत, व्यायाम मात्र वसंतातही चालू ठेवावा.

औषधी दुकानदार बंधु-भगिनींसही एक विनंती. च्यवनप्राशाची बरणी देताना तीन प्रश्न विचारावेत : सकाळी भूक लागते का? दिवसातून किती चालणे होते? दमा, हृदयविकार वा मधुमेह आहे का? तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी आल्यास, विशेषतः मधुमेहात साखरयुक्त अवलेहाबाबत, ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. यात एखादी विक्री कमी होईल. परंतु चैत्रात तोच ग्राहक कफविकार घेऊन आला नाही, तर आपल्यावरील व शास्त्रावरील त्याचा विश्वास दृढ होईल.

सारांश, हेमंत-शिशिर हा बलसंपादनाचा काळ आहे. औषधाने व आहाराने दिलेले बल देहात मुरावयाचे तर त्याला वारा, ऊन आणि श्रम यांची जोड हवी. लोकांना हिवाळ्यात बाहेर पडावेसे वाटतेच. त्या इच्छेला मात्रा व मर्यादा घालून देणे हे वैद्याचे काम आहे, आणि येत्या मार्गशीर्षापासून ते आपण आपल्या चिकित्सापत्रावर एका ओळीने सुरू करावे.