चेंडू हलवावा की नाही? : गोल्फमधील स्थानिक नियमांचा एक विचार

माझ्या वयाच्या माणसांत विटीदांडू न खेळलेला माणूस आपल्या नांदेड-लातूरकडे क्वचितच सापडेल. टोल्याचे अंतर आम्ही दांडूने मोजत असू आणि तोंडाने वकट, लेंड, मूंड असे म्हणत असू. हे शब्द तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु यांचे भाऊबंद आहेत, हे फार पुढे कळले. देगलूर-बिलोलीच्या शेजारी तेलुगू मुलूख असल्याने त्यात नवल असे काही नाही. परंतु आजचा विषय मोजणीचा नाही. त्या खेळातील एका भांडणाचा आहे.

उन्हाळ्यात काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. विटी नेमकी भेगेत जाऊन बसे. विटी जिथे पडली तिथूनच टोला मारायचा, हा तर नियम. पण भेगेत रुतलेल्या विटीच्या टोकावर दांडू बसणार कसा? एका सुट्टीत माझ्या चुलतभावाने ती विटी उचलली, हातभर पुढे सपाट जागी ठेवली आणि टोला मारला. मी हरकत घेतली. तो म्हणाला, “भेगेतून कोण मारू शकतो, तूच मारून दाखव!” मी म्हणालो, “नियम तो नियम.” शेवटी तो दांडू घेऊन घरी गेला आणि सुट्टी संपेपर्यंत आमचे बोलणे बंद झाले.

पुढे वाचनात असे आले की, हाच प्रश्न साता समुद्रापलीकडील गोल्फ या खेळालाही पडला होता आणि त्या मंडळींनी त्याचे लेखी उत्तर शोधले होते. ते उत्तर काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ नियम

आपल्या भागात गोल्फ फारसा कोणी पाहिलेला नाही. महाराष्ट्रात तो पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला खेळला जातो. भारतात मात्र तो जुना आहे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. खेळ समजायला सोपा आहे. साधारण पावणेदोन इंच व्यासाचा चेंडू काठीने मारीत मारीत सव्वाचार इंच व्यासाच्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे. ज्याला सर्वांत कमी फटके लागले, तो जिंकला.

या खेळाचा पाया दोन वाक्यांत सांगता येतो. मैदान जसे असेल तसे स्वीकारा आणि चेंडू जसा पडला असेल तसाच मारा. चेंडू गवतात रुतला, झाडाआड गेला, तरी तक्रार नाही. थांबलेला चेंडू खेळाडूने विनाकारण हलवला, तर एका फटक्याचा दंड होतो आणि चेंडू पुन्हा मूळ जागी ठेवावा लागतो. तो परत न ठेवता भलत्याच जागेवरून मारला, तर फटके मोजण्याच्या स्पर्धेत दोन फटक्यांचा दंड आहे.

पहिल्याच नियमावलीत अपवाद

गोल्फची पहिली ज्ञात नियमावली स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ साली तयार झाली. तीत अवघे तेरा नियम आहेत. चेंडू मारणे सोपे व्हावे म्हणून दगड-हाडके बाजूला करू नयेत, असे त्यात बजावले आहे. फक्त साफ हिरवळीवर, तेही चेंडूपासून एका काठीच्या अंतरात, तेवढी मोकळीक दिलेली आहे.

पण सर्वांत बोलका आहे तो शेवटचा, तेरावा नियम. लीथच्या त्या माळावर मैदान राखण्यासाठी खणलेले चर होते. ‘विद्यार्थ्यांचे खड्डे’ आणि ‘शिपायांच्या रांगा’ अशा नावांच्या जागाही होत्या. चेंडू अशा ठिकाणी गेला, तर तो बाहेर काढून, उंचवट्यावर ठेवून मारावा, मात्र लोखंडी काठीनेच मारावा, असे तो नियम सांगतो. म्हणजे ‘चेंडू हलवू नका’ असे सांगणाऱ्या त्याच कागदावर, त्या एका माळापुरती, चेंडू हलवण्याची परवानगी लिहिलेली आहे! स्थानिक नियम ही मागाहून शिरलेली पळवाट नव्हे. तो नियमावलीबरोबरच जन्मला आहे. आणि सवलतीसोबत अटही आहे, हे विसरता कामा नये.

उचला, पुसा, ठेवा

आजच्या नियमावलीतही हा विचार कायम आहे. सततच्या पावसाने मैदान चिखलमय झाले किंवा हिरवळ उखडली, तर स्पर्धेची समिती एक स्थानिक नियम लागू करू शकते. त्यानुसार खेळाडूने चेंडू उचलावा, पुसावा आणि जवळच चांगल्या जागी ठेवावा. मात्र या परवानगीला चारही बाजूंनी कुंपण घातलेले आहे. किती अंतरात ठेवायचा, ते आधी सांगितलेले असते. सहा इंच किंवा एका काठीची लांबी. चेंडू खड्ड्याच्या जवळ सरकता कामा नये. ही सवलत सामान्यतः कापलेल्या गवताच्या पट्ट्यापुरतीच असते, उंच गवतात नाही. आणि एकदा ठेवला की ठेवला. मनासारखे जमले नाही म्हणून दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. मैदान सुधारताच हा नियम मागे घ्यावा, असाही संकेत आहे. केवळ आपल्याला आवडत नाही म्हणून मूळ नियम बदलण्याचा अधिकार समितीलाही नाही.

हौशी मंडळींची अडचण

खरा प्रश्न उभा राहतो तो हौशी लीगमध्ये. दर आठवड्याला खेळणारी दहावीस स्नेही मंडळी असतात. कोणी म्हणते, आपण पोटासाठी थोडेच खेळतो, चेंडू सगळीकडेच हलवू या! यात तथ्य नाही असे नाही. ज्या मैदानाची निगा राखायला पैसा नाही, तेथे खडकावरून मारण्याचा आग्रह धरला, तर काठी मोडेल, मनगट दुखावेल आणि नवा खेळाडू पुन्हा येणार नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सहा इंचांचे हळूहळू एक फूट होते. चेंडू झाडाच्या बुंध्याआडून मोकळ्यावर येतो. शिवाय गोल्फमध्ये कमकुवत खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते आणि ती त्याच्या मागील खेळांवरून ठरते. घरच्या मैदानावर चेंडू सरकवून कमी फटके नोंदवणाऱ्याला सूटही कमीच मिळते. मग तो परक्या मैदानावर, जिथे चेंडूला हात लावता येत नाही, तिथे उघडा पडतो. कागदावरची त्याची कुवत खोटी ठरते आणि त्याचा पहिला तोटा त्यालाच होतो.

पंच कोण?

गोल्फमध्ये बहुधा पंच सोबत नसतो. खेळाडू स्वतःच स्वतःचा पंच. १९२५ साली अमेरिकेतील वूस्टर येथे राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. फटका मारण्याच्या तयारीत असताना आपला चेंडू किंचित हलला, असे बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने सांगितले. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. तरी त्याने एका फटक्याचा दंड स्वतःवर घेतला. पुढे बरोबरी झाली आणि जादा खेळात तो एका फटक्याने हरला. दंड घेतला नसता तर ती बरोबरी झालीच नसती. अजिंक्यपद त्याचेच होते!

तात्पर्य

आता त्या भेगेतल्या विटीकडे पुन्हा वळू. चुलतभावाचे म्हणणे असे की, या जमिनीत मूळ नियम चालत नाही. ते खरेच होते. माझे म्हणणे असे की, डाव चालू असताना, ज्याचा डाव त्यानेच, स्वतःच्या सोयीसाठी नियम बदलू नये. तेही खरेच होते. आम्ही दोघेही अर्धे बरोबर होतो. खेळाआधी दोन मिनिटे बसून ‘विटी भेगेत गेली तर काढायची, पण गलीच्या बाजूला मागे ठेवायची, पुढे नाही, आणि एकदाच’ एवढे ठरवले असते, तर ती सुट्टी वाया गेली नसती.

जागेला धरून नियम बदलणे यात गैर काही नाही. तो आधी ठरला आहे काय, सर्वांना सारखा आहे काय, त्याला मर्यादा आहे काय, हे तीन प्रश्न मात्र विचारले पाहिजेत. आपल्या स्नेहसंमेलनातील सामने असोत, वक्तृत्व स्पर्धेतील वेळेची सूट असो की हजेरीतील सवलत असो, आपली बहुतेक भांडणे सवलतीवरून होत नाहीत. सवलत कधी ठरली, यावरून होतात. डावाआधी ठरते तो नियम. विटी भेगेत पडल्यावर ठरते ती मर्जी.