धून त्याची, कान आपले

जळगाव-धुळ्याकडे स्वतःची धून बांधणारी मुलं पुष्कळ आहेत. कुणी पेटी शिकतं, कुणी बासरी, कुणी बॅण्डमध्ये कॅसिओ वाजवतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतात आणि म्हणतात, ‘सर, ऐका ना.’ त्या वेळी आपण काय बोलतो, यावर तो मुलगा पुढची धून बांधणार की नाही हे ठरतं. पेटी शिकवता शिकवता मला पटलेल्या या काही गोष्टी.

१. आधी विचारा, धून कशासाठी बांधली?
नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. त्या मिरवणुकीत वाजणाऱ्या धुनेचा मुखडा गल्लीच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे आणि नाचणाऱ्यांच्या पायांत बसला पाहिजे. साक्रीकडच्या डोंगरपट्ट्यात फुंकून वाजवायची पावरी मोजक्या स्वरांवरच नाच उभा करते. अशा वादनाला ‘तेच तेच वाजतंय’ म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे आवर्तन हीच ताकद असते. बैठकीची मोजपट्टी मिरवणुकीला लावू नये.

२. नेमकी जागा दाखवा.
‘मजा नाही आली’ एवढ्यावर मुलगा घरी जाऊन काय करणार? एकाने तीनतालात गत बांधली होती. शेवटी तीन मात्रांचा तुकडा न थांबता तीनदा येत होता, पण समेला हुकत होता. मी हातावर ताल धरला आणि त्याला मोजायला लावलं. तो तुकडा आठव्या मात्रेवर उचलत होता, म्हणून शेवटचा स्वर सोळाव्यावर पडत होता. ‘भाऊ, आठे (इथे) एक मात्रा कमी पडनी,’ एवढंच म्हटलं. त्याने नवव्या मात्रेवर, खालीवर उचल घेतली आणि तिहाई सरळ समेवर आली. नऊ मात्रांचा हिशेब त्याचा त्यालाच सापडला.

३. रागाचं नाव घेतलं असेल, तर रागाच्या हिशेबाने बोला.
भूप म्हणून आणलेली धून धैवतावर फार रेंगाळत असेल, तर ती देशकाराकडे झुकते. स्वर दोन्हींत तेच, पण भूपाचा वादी गंधार आणि देशकाराचा धैवत. हे सांगून दोन वाटा दाखवाव्यात: मुक्काम गंधारावर आण, नाहीतर रागाचं नाव सोड आणि नुसती धून म्हण. निवड त्याची.

४. वाद्याचा स्वभाव तपासा.
कॅसिओवर सुचलेली लांबलचक ओळ बासरीवाल्याला दिली, तर तो श्वास कुठे घेणार? पेटीवर मींड निघत नाही. सतारीसाठी सुचलेली जागा तिथे वेगळ्या तऱ्हेनेच मांडावी लागते. कित्येकदा रचना चांगली असते, वाद्य चुकलेलं असतं.

५. उसनं काय, त्याचं काय, हे वेगळं करा.
जानेवारीत जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव ऐकून आलेल्या मुलांच्या रचनांत तिथले तुकडे हमखास उतरतात. शिकण्याची ती रीतच आहे, त्यावरून हिणवू नये. ‘यातली कुठली ओळ तुला स्वतःला सुचली?’ एवढं विचारावं. तो ज्या ओळीवर बोट ठेवील, तिथूनच पुढचं बांधायला सांगावं.

६. लगेच स्वतः वाजवून दाखवू नका.
आपण पेटी ओढून ‘असं कर’ म्हटलं की धून आपली होते. त्याऐवजी एकच काम द्यावं: याच मुखड्याच्या तीन वेगळ्या उचली बांधून आण. एका वेळी एकच दुरुस्ती. दहा चुका एकदम ऐकलेलं मूल एकही सुधारत नाही.

७. कौतुकही नेमकं करा, आणि चारचौघांत करा.
‘छान’ हा शब्द दुसऱ्या दिवशी विरून जातो. ‘अंतऱ्यातून मुखड्यावर येताना पंचमावर थांबलास, ते सुरेख’ हे त्याच्या लक्षात राहतं. दोष मात्र एकट्याला सांगावा, आईवडील किंवा मित्र बसलेले असताना कधीच नाही.

८. दुसरा खर्डा मागा.
‘दुरुस्त करून पुन्हा ऐकव’ म्हणावं, आणि तो आला की खरंच वेळ काढून ऐकावं. आधी सुचवलेलं त्याने घेतलं नसेल, तर कारण विचारावं. कधी त्याचं कारण आपल्या सूचनेपेक्षा सरस असतं, आणि तसं असेल तर ते मोकळेपणाने कबूल करावं. दुसरा खर्डा ऐकल्याशिवाय आपला अभिप्राय अर्धाच असतो.