चुनखडीची उघडी खाण आणि जमिनीची आखणी

रायपूरच्या आसपास, छत्तीसगडच्या मैदानात, वर भाताचे शेत आणि त्याच शेताखाली सिमेंटला लागणारी चुनखडी अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. ही चुनखडी शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी उथळ समुद्राच्या तळाशी साचली. तिचे थर बहुतेक आडवे असून त्यांवरील मातीचे आवरण सामान्यतः पातळ असते. त्यामुळे भुयार न खोदता दगड वरूनच काढता येतो. अशा खाणीस उघडी खाण म्हणतात. रायपूरजवळ मांढर येथे आणि २०१२ साली रायपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या बलौदाबाजार भागात हिरमी, रावन, सोनाडीह येथे सिमेंटचे कारखाने निघाले, ते याच दगडाच्या बळावर.

किती जमीन लागते?

याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. एक घनमीटर चुनखडीचे वजन सुमारे २.५ टन भरते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. समजा, २० मीटर खोलीपर्यंत चांगला दगड मिळाला. तर एका हेक्टरातून सुमारे ५ लाख टन दगड निघेल. भट्टीत भाजून तयार होणाऱ्या खड्यास क्लिंकर म्हणतात. हाच दळून सिमेंट होते. एक टन क्लिंकरला सुमारे दीड टन चुनखडी लागते. म्हणून वर्षास १० लाख टन क्लिंकर करणारा कारखाना दरसाल ३ हेक्टर आणि ३० वर्षांत ९० हेक्टर जमीन खोदील. खाणीच्या उतरत्या पायऱ्या, रस्ते आणि हद्दीलगत सोडावयाची पट्टी यांची जमीन निराळी.

कोणती जमीन कशासाठी?

छत्तीसगडचे शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतात. उंचवट्यावरची लाल, मुरमाड ती भाटा. पिवळसर ती मटासी. तिच्याहून काळसर ती डोरसा. आणि सखल भागातील खोल काळी ती कन्हार. दगड जेथे आहे तेथेच खाण होणार. परंतु दगड फोडण्याचे यंत्र, रस्ते, कचेरी व कामगारांची घरे कोठे असावीत, हे माणसाच्या हाती आहे. ती भाटा जमिनीवर बसविली, तर कन्हार व डोरसा वाचतात. जी सुपीक माती काढावीच लागते, ती मुरमात न मिसळता वेगळी रचावी आणि लवकर अन्यत्र पसरावी. फार दिवस उंच ढिगात पडलेल्या मातीतील सूक्ष्म जीव मरतात व तिचा कस उतरतो.

खड्ड्याचे पुढे काय?

कोळशाच्या उघड्या खाणीत वरचा निरुपयोगी खडक पुष्कळ निघतो व त्याने खड्डा बराचसा बुजविता येतो. येथे मात्र बहुतेक दगड कारखान्यात जातो. मागे उरते ती थोडी माती. म्हणून खड्डा राहणारच, हे धरूनच आखणी केली पाहिजे. चुनखडीच्या भेगांतून पाणी वाहते. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली आणि पाणी उपसू लागले, म्हणजे शेजारच्या विहिरी उतरू शकतात. यास्तव खोदाईपूर्वीच गावोगावच्या विहिरी व तलाव यांतील पाण्याची पातळी ऋतूवार मोजून ठेवावी. पुढे वाद उद्भवल्यास तीच नोंद साक्ष देते. काम संपल्यावर खड्ड्यात पावसाचे पाणी साठते. काठ उतरते केले, कुंपण घातले व झाडे लावली, तर त्याचा तलाव होतो; उभ्या कड्यांचा तसाच सोडला, तर गुराढोरांस व मुलांस तो धोक्याचा ठरतो.

भारतात खाणींचा मूळ कायदा १९५७ सालचा आहे. खाण टप्प्याटप्प्याने बंद कशी करावयाची याची योजनाही आधी सादर करावी, असा नियम २००३ साली झाला. त्यामागील तत्त्व शेतकऱ्यासही पटण्यासारखे आहे. तीस वर्षांनंतर जमीन कशी दिसावी, त्याचा नकाशा प्रथम काढावा. कुदळ त्यानंतर मारावी. कारण दगड एकदाच निघतो, पण गावास त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहावयाचे असते.