बाहीवरची खूण आणि खांद्यातली चेता



मी आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. सध्या रायपूरला पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी शरीररचना शिकवतात. हाताचा अभ्यास करताना एक चेता अशी भेटली, की ती सैनिकी शाळेतल्या प्रत्येकाला माहीत असावी असं मला वाटलं. तिचं नाव ॲक्सिलरी नर्व्ह, म्हणजे काखेतली चेता.

आधी शब्द नीट करून घेऊ. रायपूरला हिंदीत ‘तंत्रिका’ म्हणतात, आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात ‘चेता’ आहे आणि मैदानावर आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. पण नस म्हटलं की रक्तवाहिनीही त्यात आली. चेतेतून रक्त वाहत नाही. मेंदूचा हुकूम तिच्यातून स्नायूपर्यंत जातो आणि त्वचेला काय जाणवलं याची खबर मेंदूकडे येते.

चेतेचा रस्ता

मानेच्या मणक्यांमधून चेतांच्या जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी पाचवी आणि सहावी यांचे तंतू आपल्या चेतेत येतात. मानेतून काखेकडे जाताना हाताच्या सगळ्या चेतांचं एक जाळं बनतं. त्या जाळ्याच्या मागच्या दोरातून ही चेता फुटते.

काखेतून ती मागे वळते आणि एका चौकोनी फटीतून पार होते. या चौकोनाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला खांद्याच्या पात्यापासून दंडाकडे जाणारे स्नायू आहेत. आतल्या बाजूला ट्रायसेप्सचं लांब डोकं आहे आणि बाहेरच्या बाजूला दंडाच्या हाडाची मान. एक धमनीही याच फटीतून तिच्या सोबत जाते. पुढे ही चेता हाडाच्या मानेला मागून वळसा घालते. तंबूच्या खांबाला दोराचा वेढा द्यावा, तसा हा वळसा.

चेतेचं काम

तिच्याकडे दोन स्नायू आहेत. एक डेल्टॉइड, म्हणजे खांद्याला गोलाई देणारा त्रिकोणी स्नायू. दुसरा टेरिस मायनर. हा लहान आहे आणि दंड बाहेरच्या बाजूला फिरवायला मदत करतो.

सॅल्यूट करताना दंड बाजूने वर येतो. सुरुवातीचे साधारण १५ अंश पात्यावरचा सुप्रास्पायनेटस हा स्नायू पुढाकार घेतो, त्याची चेता वेगळी आहे. तिथून ९० अंशांपर्यंत मुख्य ताकद डेल्टॉइडची. दंड जमिनीला समांतर येऊन ठाम राहतो, तो त्याच्या जोरावर. ही चेता बंद पडली तर तो जोर जातो आणि काही आठवड्यांत खांद्याची गोलाई सपाट होऊ लागते.

तिची एक शाखा दंडाच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला त्वचेत संपते. आपण बाहीवर हाउसची खूण शिवतो, साधारण तीच ही जागा. इंग्रजी पुस्तकांत या जागेला ‘रेजिमेंटल बॅज’ची जागा म्हणतात. त्या खुणेखालच्या कातडीला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत पोचवायचं काम आपल्या चेतेचं.

खांदा निखळतो तेव्हा

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्यामुळे हात सगळीकडे फिरतो, पण मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त निखळतो तोही हाच. बहुतेक वेळा चेंडू पुढे आणि खाली सरकतो. आता तंबूचा दोर आठवा. खांब सरकला की वेढा घातलेला दोर ताणला जातो. चेतेचं तसंच होतं.

शाळेत असताना अडथळ्यांच्या शर्यतीत एका ज्युनियरचा खांदा असाच निखळला. दोघे जण मदत म्हणून त्याचा हात ओढायला धावले. उस्तादांनी त्यांना मागे सारलं आणि हात होता तसाच आधाराला बांधला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी कापसाचा बोळा त्याच्या दोन्ही दंडांवर टेकवला आणि विचारलं, “दोन्हीकडे सारखं लागतंय का?” एवढ्या वेदनेत हा प्रश्न कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. आज कळतं की डॉक्टर खुणेची जागा तपासत होते.

सुश्रुतसंहितेत काखेत मुसळ देऊन खांदा बसवण्याची रीत आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिस काखेत टाच रोवून हात ओढत असे. दोन्ही रीतींत दाब काखेतच येतो आणि चेता तिथूनच जाते. शिवाय हाडाची मान मोडलेली असेल तर ओढण्याने ते तुकडे सरकतात. म्हणून आज डॉक्टर सहसा आधी एक्स-रे काढतात, वेदना कमी करणारं औषध देतात आणि मग सावकाश सांधा बसवतात. चेतेची तपासणी आधीही करतात आणि नंतरही.

चेता नुसती ताणली गेली असेल तर बहुतेक वेळा आपोआप बरी होते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने वाढतात. म्हणून हिशेब महिन्यांचा असतो. काही महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच.

मैदानावर काय करायचं

१. हात ओढू नका आणि कोणाला ओढू देऊ नका. ‘मला बसवता येतो’ म्हणणारा सीनियर असला तरी नाही.

२. जखमी ज्या स्थितीत हात धरून बसला असेल, त्याच स्थितीत आधार द्या. हात जवळ असेल तर त्रिकोणी पट्टीची झोळी करा.

३. दोन्ही दंडांवर खुणेच्या जागी हलकं बोट टेकवा. निखळलेल्या बाजूला बधिर वाटतं का, ते विचारा. मनगटाची नाडी पाहा आणि बोटं हलतात का तेही पाहा.

४. काय आढळलं आणि किती वाजता, ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. खांदा बसवल्यावर बधिरपणा दिसला तर तो आधीचा की नंतरचा, हे त्या चिठ्ठीवरून कळतं.

५. स्पर्श कळतो म्हणून चेता शाबूत आहे, असं धरून चालू नका. त्वचेची जाणीव ठीक असूनही स्नायू कमजोर असू शकतो. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

सराव

आज रात्री डॉर्ममध्ये जोडीदाराचा दंड शरीराजवळ ठेवा, कोपर वाकवा आणि बाहेरून तळहाताने अडवा. त्याला कोपर बाहेर ढकलायला सांगा. दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवलात, तर डेल्टॉइड कडक होताना लागेल. मग त्याला डोळे मिटायला सांगून खुणेच्या जागी बोट टेकवा. निरोगी खांदा हाताला कसा लागतो हे माहीत असेल, तर जखमी खांद्यातला फरक लवकर ओळखता येईल.