बेसूर कोण?

आरतीच्या वेळी आपल्याकडे एक गंमत नेहमी होते. पेटीवर काळी एक धरलेली असते, पुरुषमंडळी त्यात आरामात गातात. महिलांना आणि मुलांना ती पट्टी खाली पडते म्हणून ती वर सरकतात आणि दुसऱ्या कडव्याला पेटी एकीकडे, आरती दुसरीकडे! मग कोणीतरी एखाद्या मुलाला हसत म्हणते, "तू आपला टाळ्याच वाजव." इल्फर्डमध्ये वाढणारे मूल हे विसरत नाही. पुढच्या वर्षी ते नुसते ओठ हलवते, त्याच्या पुढच्या वर्षी गाडीतच बसून राहते.

मी डॉक्टर आहे, गवई नव्हे. एम.बी.बी.एस. करून या देशात आलो. म्हणून आधी वैद्यकीय बाजू सांगतो. स्वरांतला फरक न कळण्याचा जन्मजात दोष खरोखरच असतो, पण शंभरात जेमतेम एक-दोघांना. कोणी राष्ट्रगीत चुकीच्या सुरात म्हटले की ज्याला खटकते, त्याचा कान शाबूत आहे असे खुशाल समजा.

अडचण असते ती ऐकलेला स्वर गळ्याला कळवण्यात. काळी एकचा सा लावताना पुरुषाच्या स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे १३९ कंपने होतात. इतका नेमका ताण आपण ठरवून देऊ शकत नाही; मेंदू स्वतःचा आवाज ऐकून तो दुरुस्त करत जातो. झांजांच्या गजरात जो ओरडतो त्याला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, मग दुरुस्ती कशी होणार? कितीतरी गायक कानावर हात ठेवतात तो काही उगीच नव्हे.

घरी सराव तंबोऱ्यावर करावा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा भोपळा विमानातून सुखरूप आणणे महाकठीण! फोनवरचा तंबोरा चालेल. पुरुषांनी साधारण काळी एक, महिलांनी काळी चार घ्यावी. मुलांची पट्टी त्यांच्या गळ्यावरून ठरवावी. दोन मिनिटे नुसते ऐका. मग हलक्या आवाजात 'आ' लावा. स्वर जवळ आला पण जुळला नाही, तर एक थरथर ऐकू येते. ती मंदावत थांबली की सा लागला. पेटीवर हे नीट साधत नाही. तिचा गंधारही नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे अशा तक्रारीही होत्या.

घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल तर मात्र सराव थांबवून जीपीला दाखवा.

आणि पेटीवाल्यांना एक विनंती. आरतीआधी मुलांकडून एक ओळ म्हणवून घ्या आणि तीच पट्टी धरा, आम्ही पुरुष खालच्या सप्तकात सांभाळून घेऊ. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून रोज दहा मिनिटे सा लावला, तर गणपतीपर्यंत महिनाभर मिळतो.