भीतीलाही पुरावा विचारा



दहावीच्या सहामाही परीक्षेत माझ्या वर्गातील एका मुलीच्या छातीत धडधडू लागले, हात गार पडले, श्वास पुरेना. घरात शिकणारी ती पहिलीच. आजीने मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेजारीण म्हणाली, भगताला दाखवा. दवाखान्यात हृदय तपासले, ते निरोगी निघाले. मग तिला झाले तरी काय?

धोका दिसताच मेंदू शरीराला इशारा देतो. ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते, हृदय वेगाने चालते, स्नायू ताठ होतात. समोर साप असेल तर हीच सोय जीव वाचवते. परंतु प्रश्नपत्रिका म्हणजे साप नव्हे. खरा धोका नसताना हा इशारा वरचेवर होऊ लागला, झोप उडाली, काम बिघडले, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. ती करणी नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे.

यावर मानसोपचार आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. ॲरन बेक यांनी विचार तपासण्याची पद्धत मांडली. ‘मी नापास होणार, घराची अब्रू जाणार’ हा विचार वहीत लिहावा व विचारावे : याला पुरावा काय? याच्या विरुद्ध पुरावा काय? दुसरे असे की, भीतीची गोष्ट टाळल्याने क्षणभर बरे वाटते, पण भीती पोसली जाते. म्हणून पायरीपायरीने सामोरे जावे. आधी घरी घड्याळ लावून एक प्रश्न, मग पूर्ण पेपर, मग वर्गात. गरजेनुसार डॉक्टर औषधही देतात. ते आपल्या मनाने बंद करू नये.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. भीती कानात जे सांगते तेही असेच पारखावे. ध्यानाने मन स्थिरावण्यास मदत होते. मात्र वंदना-ध्यान करतो म्हणून उपचार टाळू नका.

जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला देते. जगणे नको झाले, असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका.

एक कबुली देतो. ‘साऱ्या वस्तीचे डोळे तुझ्याकडे आहेत’ असे त्या मुलीला मीच रोज सांगत होतो. उपचार घेऊन ती मार्चमध्ये परीक्षेला बसली. आता मी मुलांना आधी विचारतो, ‘रात्री झोप लागली का?’ आपणही आज घरी एवढे विचारा.