काटा नाचू लागला की आधी गाडीखाली बघा

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बिघडला की बहुतेक जण आधी डॅशबोर्ड खोलतात, कारण बिघाड तिथे दिसतो. माझं सांगणं उलट आहे. सुरुवात गिअरबॉक्सपासून करा आणि मीटरला हात सगळ्यात शेवटी लावा. मीटर हा या साखळीतला सर्वांत नाजूक भाग, आणि तो मूळ दोषी क्वचितच असतो.

आमच्या प्रीमियर पद्मिनीने हे मला शिकवलं. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी इंजिनाची, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली ही गाडी. एका पावसाळ्यानंतर तिचा काटा तीस-चाळीसच्या मध्ये थरथरू लागला. गॅरेजमध्ये निदान झालं, 'केबल कोरडी पडलीय.' निदान चुकीचं नव्हतं. पण उपाय म्हणून केबलमध्ये वरपासून खालपर्यंत ग्रीस ठासलं गेलं. काही दिवस काटा शहाण्यासारखा वागला. मग वाईला जाताना खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो, तेव्हा काटा सरसर शंभरापलीकडे गेला आणि तिथेच अडकून बसला.

असं का झालं ते कळायला मीटरच्या आत काय चालतं हे माहीत हवं. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूचं छोटं पिनियन केबलच्या आतली तार, म्हणजे इनर, फिरवतं. इनरचं वरचं चौकोनी टोक मीटरमधलं चुंबक फिरवतं. चुंबकाशेजारी ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, मध्ये बारीक फट असते. चुंबक फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे धरते आणि या ओढाताणीत काटा वेग दाखवतो. ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या. आमच्या गाडीत जास्तीचं ग्रीस फिरत्या तारेबरोबर वर चढलं आणि त्या फटीत शिरलं. चुंबकाने वाटीला ग्रीससकट सरळ ओढत नेलं. घाट चढताना निभावलं, पण उतारावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत, वेगाचा अंदाज नसणं धोक्याचं आहे.

म्हणून आधी लक्षण नीट बघा. वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे, दोन्ही एकाच केबलवर चालतात. दोन्ही बंद असतील, तर इनर तुटलीय किंवा पिनियनचे दात गेलेत असं समजा. आकडे पुढे सरकताहेत पण काटा मेलाय, तर केबल ठीक आहे, दोष मीटरमध्ये आहे. काटा थरथरतोय आणि डॅशबोर्डमागून कटकट ऐकू येतेय, तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी मुडपलीय. इतकं बघायला पानासुद्धा लागत नाही.

मग केबल मीटरच्या मागून सोडवा. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागचं एकच चाक जॅकने उचला. ॲक्सलखाली स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. उचललेलं चाक हाताने फिरवलं की वर मोकळ्या टोकाशी इनर फिरताना दिसली पाहिजे. मागची दोन्ही चाकं उचलू नका. एक फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं, शाफ्ट जागचा हलत नाही आणि तुम्ही चांगल्या पिनियनला दोष देऊन बसता.

इनर बाहेर ओढून रॉकेलने धुवा, कोरडी पुसा. दोन्ही टोकं दोन हातांत धरून तिला इंग्रजी यू अक्षरासारखी लोंबू द्या आणि एक टोक बोटांनी हळूहळू फिरवा. दुसरं टोक त्याच चालीने फिरायला हवं. ते थांबून एकदम उसळी मारत असेल, तर तार वाकलीय. ती सरळ करत बसू नका, बदला. चौकोनी टोकाच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तरी बदला. इनर गिअर ऑइलने माखलेली निघाली, तर पिनियनचं ऑइल सील गेलंय. आधी ते बदला, नाहीतर तेलही ग्रीससारखंच मीटरपर्यंत चढतं.

नवी केबल लावण्याआधी एक तपासणी कुणीही टाळू नये. जुन्या इनरचा तुकडा मीटरच्या मागच्या भोकात घालून बोटांनी फिरवा. मीटर हलका फिरला पाहिजे. तो जड असेल, तर आतली बुशिंग कोरडी पडलीत, आणि अशा मीटरला जोडलेली नवी केबलही तुटणार. लोक केबलच्या दर्जाला नावं ठेवतात आणि पुन्हा तीच आणतात.

ग्रीस लावायचं ते बोटाला लागेल इतकंच, खालच्या दोन-तृतीयांश भागाला. वरची वीतभर तार कोरडी राहू द्या. केबल मोठ्या वळणाने न्या, एक्झॉस्टपासून लांब ठेवा, आणि बॉनेटमधून आत येते तिथलं रबर शाबूत आहे ना ते बघा.

मीटर उघडावाच लागला, तर मीटर दुरुस्त करणारा जुना कारागीर शोधा. आमचा मीटर अशाच एका हाताने वाचला. त्याने वाटी आणि चुंबक पुसून ग्रीस काढलं, पण आकड्यांच्या पट्टीला पेट्रोलचा बोळा लागू दिला नाही, कारण त्याने जुना रंग उतरतो. स्प्रिंगला तर त्याने चिमटाही लावला नाही.

शेवटी सरळ, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याला फोनवरचा जीपीएस वेग बघायला सांगा आणि किलोमीटरच्या दगडांशी आकडे ताडून पाहा. काटा आणि आकडे दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर टायरचा आकार बदललाय किंवा मीटर नाहीतर पिनियन दुसऱ्या गाडीचं आहे. आकडे बरोबर आणि काटाच कमी दाखवत असेल, तर चुंबक अशक्त झालंय. आणि केबल आणायला जाताना जुनी सोबत घेऊन जा. लांबी, दोन्ही टोकांची जाडी आणि नटाचे आटे दुकानातच जुळवून बघा.